गळ्याशी आले तेव्हा

गेल्या वर्षीच्या दिवाळीत आमच्या घरी चकल्या झाल्या नाहीत. ही काही छापण्याजोगी बातमी नव्हे, हे मला मान्य आहे. पण या सदराच्या जुन्या वाचकांना आमची चकली परिचयाची आहे, आणि तिच्यावाचून दिवाळी गेली म्हणजे घरात काहीतरी बिनसले असणार हे ते ओळखतील. भाजणी दळून आली होती, उकड मळून झाली होती, तेल तापत होते. मी सोऱ्या दोनदा दाबला आणि जरा टेकावे म्हणून स्टुलावर बसले. कन्या स्वयंपाकघरात आली तेव्हा कढईतून धूर निघत होता आणि मी भिंतीला डोके टेकून झोपले होते. तिने गॅस बंद केला, मला हलवून जागे केले आणि म्हणाली, "आई, अगं घर पेटलं असतं!" मला त्याचे काही वाटलेच नाही. पेटले असते तर निदान ऊब तरी मिळाली असती, असा एक विचार मनात येऊन गेला, एवढे स्मरते.

त्या रात्री घरात माझ्यावर रीतसर खटला चालला. सासूबाईंचे म्हणणे, दृष्ट लागली. आमच्या ह्यांचे म्हणणे, कॉलेज, लोकलचा प्रवास आणि पेपर तपासणे मिळून माझी ओढाताण होते. कन्येने 'आई हल्ली सारखी बोअर झालेली असते' अशी साक्ष दिली. माझे स्वतःचे मत असे की, चाळिशी उलटली, आता हे असेच चालायचे. चौघांचेही मत चुकीचे होते. पण ते कळायला आणखी दोन महिने जायचे होते.

वास्तविक पुरावा घरभर पसरला होता. ठाण्यातला ऑक्टोबरचा उकाडा ज्यांनी सोसला आहे त्यांना सांगायला नको. त्या उकाड्यात मी शाल पांघरून पंखा बंद करीत असे आणि बाकीची मंडळी तो पुन्हा लावीत. पंख्याच्या बटणावरून आमच्या घरात जेवढे शब्द खर्च झाले तेवढ्यात एखादा प्रबंध झाला असता. केस कंगव्यात राहू लागले होते. टाचांना भेगा, पोट साफ नाही, सकाळी डोळ्यांखाली सूज, बोटात अंगठी शिरत नाही, वजनाचा काटा पुढे, आणि दर महिन्याची अडचण आठ-आठ दिवस लांबलेली. आवाजाची तर गंमतच झाली. गॅसचा सिलिंडर मागवायला फोन केला तर पलीकडचा माणूस म्हणाला, "हो साहेब, उद्या पाठवतो साहेब." मी साहेबाच्याच आवाजात त्याचे आभार मानले.

या सगळ्याला मी हसत होते. हसू थांबले ते वर्गात. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला अलंकार शिकवत होते. हा विषय मी वीस वर्षे शिकवते आहे. झोपेत उठवून विचारले तरी सांगेन अशी माझी समजूत होती. फळ्यावर उदाहरण लिहिले, वळले आणि म्हणाले, "तर हा जो अलंकार आहे, ह्याला आपण म्हणतो..." आणि पुढे काही नाही. शब्दच येईना. उपमा आठवते, रूपक आठवते, मधला तो शब्द पुसून टाकल्यासारखा गेलेला. अर्धा मिनिट गेले असेल. पण मास्तरकी करणाऱ्याला अर्धा मिनिट किती लांब असते ते विचारा. अखेर पहिल्या बाकावरच्या मुलीने हळूच सांगितले, "उत्प्रेक्षा, मॅडम." वर्ग हसला. त्या रात्री मी न्हाणीघरात नळ सोडून रडले. शब्दांवर ज्याचे पोट चालते त्याचे शब्द जाऊ लागले तर मागे राहिले काय? म्हाताऱ्या माणसांचा स्मृतिभ्रंश मी शेजारीपाजारी पाहिलेला होता. तोच आपल्याला गाठतो आहे, या धास्तीने मी डॉक्टरांकडे जायचे आणखी पंधरा दिवस टाळले. हा शहाणपणा कोणी अनुसरू नये.

आमचे डॉक्टर जुन्या पठडीतले. त्यांनी नाडी पाहिली, ती मिनिटाला चौपन्न. मग मला खुर्चीवर गुडघे टेकायला लावून टाचेच्या वरच्या शिरेवर छोट्या हातोडीने टकटक केले. पाऊल उडाले खरे. पण खाली येताना अगदी सावकाश, विचार करीत करीत आले. डॉक्टर स्वतःशी हसले. म्हणाले, "बाई, रक्त द्या. बहुतेक गळ्याशीच आलेलं आहे." मला वाटले, शेवटच जवळ आला. ते मात्र गळ्यातल्या ग्रंथीबद्दल बोलत होते.

रिपोर्ट दुसऱ्या दिवशी मोबाईलवर आला आणि माझ्या आधी ह्यांनी वाचला. टीएसएच ३८.६; समोर 'असावे इतके' या रकान्यात ०.४ ते ४.५. फ्री टी-फोर ०.५, असावे ०.८ ते १.८. "थायरॉइड भयंकर वाढलाय!" ह्यांनी जाहीर केले. संध्याकाळपर्यंत ही वार्ता तीन मजले फिरून आली. कोणी कोबी बंद करायला सांगितला, कोणी धन्याचे पाणी, कोणी आयोडीनचे थेंब. माझा थायरॉइड वाढलेला नसून पार आटलेला आहे, हे त्या दिवशी इमारतीत एकालाही कळले नाही, आणि त्यात मीही आले.

हा घोटाळा इतक्या घरांत होतो की त्याचा खुलासा केल्यावाचून पुढे जाववत नाही. कॉलेजातलाच दाखला देते. थायरॉइड म्हणजे पेपर तपासून द्यायचा प्राध्यापक. मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी पिट्युटरी नावाची ग्रंथी असते, ती प्राचार्य. प्राध्यापकाने वेळेवर काम दिले की प्राचार्य अधूनमधून एखादी चिठ्ठी पाठवून स्वस्थ असतात. काम तुंबले की स्मरणपत्रांवर स्मरणपत्रे सुटतात. टीएसएच म्हणजे ही स्मरणपत्रे, आणि टी-फोर म्हणजे प्रत्यक्ष काम. स्मरणपत्रांचा ढीग पाहून 'केवढं काम झालंय!' असे म्हणणे, तसे आमच्या ह्यांचे झाले. उलट प्राध्यापकाने गरजेपेक्षा जास्त काम रेटले तर प्राचार्य गप्प बसतात आणि टीएसएच शून्याच्या आसपास येते. आमचे प्राचार्य मोठे तापट, हेही ध्यानात ठेवावे. काम थोडेसे मागे पडले तरी पत्रांची संख्या अनेक पटींनी वाढते. म्हणून टी-फोर अजून मर्यादेत असतानाच टीएसएच चढलेली दिसते, आणि दुखण्याचा सुगावा आधी तिच्याकडून लागतो. क्वचित प्राचार्यच आजारी असतात. मग काम होत नाही आणि पत्रेही निघत नाहीत. तेव्हा नुसत्या टीएसएचवर विसंबणाऱ्याची फसगत होते, म्हणून डॉक्टर टी-फोरही पाहतात.

आता त्या 'असावे इतके'बद्दल. ही मर्यादा काही विधात्याने आखलेली नाही. निरोगी माणसांचे रक्त तपासून मधल्या शंभरातल्या पंचाण्णवांचे आकडे घेतले की ती तयार होते; प्रयोगशाळा बदलली की थोडी हलते, आणि वय वाढले की वरचे टोकही थोडे वर सरकते. शिवाय टीएसएच रात्री आणि पहाटे जास्त, दुपारी कमी. इतिहास शिकवणाऱ्या माझ्या मैत्रिणीचा आकडा ५.८ आला, टी-फोर ठीक. तिने तीन रात्री झोप घेतली नाही. तिच्या डॉक्टरांनी गोळी न देता अडीच महिन्यांनी त्याच प्रयोगशाळेत, त्याच वेळेला पुन्हा तपासायला सांगितले. आला ३.९. असे पुष्कळदा होते. टीएसएच दहाच्या वर टिकून राहिली, किंवा बाईला दिवस गेले आहेत वा जायचे आहेत, तर गोष्ट वेगळी. तिथे ताबडतोब डॉक्टर गाठावा, कारण पहिल्या महिन्यांत पोटातल्या मुलाची सारी भिस्त आईच्या थायरॉइडवर असते. बाकी दशांश चिन्हापुढच्या अंकांवर संसार पणाला लावू नये.

माझ्या रिपोर्टात तिसरी एक ओळ होती, ती प्रतिपिंडांची. तो आकडा इतका मोठा होता की प्रथम तो मला पावतीचा क्रमांक वाटला. शरीराचे पहारेकरी घरच्याच माणसाला चोर समजून बडवू लागतात, तसा हा प्रकार; १९१२ साली हाकारू हाशिमोटो या जपानी डॉक्टरने त्याचे प्रथम वर्णन केले आणि त्याचेच नाव रोगाला मिळाले. आयोडीनचे मीठ आपल्याकडे घरोघर पोचल्यावर ग्रंथी आटण्याचे हे मुख्य कारण ठरले आहे. म्हणून वरून आयोडीनचे थेंब घेऊन काही साधत नाही. जास्तीच्या आयोडीनने अपाय मात्र होऊ शकतो. शिजवलेल्या कोबीचा तर यात काडीचा संबंध नाही. (जाता जाता: आपल्या शास्त्रीय परिभाषेत या ग्रंथीला 'अवटु' म्हणतात. संस्कृत कोशात अवटु म्हणजे मानेची मागची बाजू! ग्रंथी पुढे, नाव मागे. आजाराच्या नुसत्या नावातही उलटसुलट व्हावे, हा योग पाहून मला बरे नसतानाही बरे वाटले.)

डॉक्टरांनी विचारले, "माहेरी कुणाला होतं का हे?" मी 'नाही' म्हणाले आणि घरी येईपर्यंत ते 'नाही' माझ्या घशात अडकून राहिले.

माझी आई २००३ साली गेली. शेवटची सात-आठ वर्षे ती अशीच होती. वैशाखातसुद्धा उन्हाच्या तुकड्यात पाट घेऊन बसायची. उन्हाचा तुकडा सरकला की पाट सरकवायची. तिचा आवाज जड झाला होता, चेहरा सुजट. फोटो काढायचा म्हटले की नको म्हणायची. भाजी चिरायला घेतली की विळीशी बसल्या बसल्या तिचा डोळा लागायचा. मी तेव्हा एम.ए. करीत होते, माझ्याजवळ वेळ थोडा आणि जीभ तिखट होती. "आई, जरा हातपाय हलव गं. किती ते आळसावणं!" असे मी तिला एकदा नव्हे, रोज म्हणत असे. ती म्हणायची, "हलवते गं." आणि पाट सरकवायची. तिला रागवायचेही त्राण नव्हते, हे मला आता, तसेच बसून पाहिल्यावर, समजते. तिच्या रक्ताची ही तपासणी कोणी केली नाही. तेव्हा ती होत नव्हती असे नाही. कोणाला सुचले नाही, इतकेच. मी अल्बम घेऊन डॉक्टरांकडे गेले. त्यांनी फोटो नीट पाहिले, अल्बम मिटला आणि म्हणाले, "फोटोवरून निदान करीत नाहीत, बाई. तुमच्या ताईंना मात्र एकदा रक्त तपासून घ्यायला सांगा." ताईचे सारे ठीक निघाले. आईचे काय होते ते मला आता कधीच कळायचे नाही.

त्याच सुमारास वाचताना एक हकीकत सापडली. १८७३ साली लंडनच्या सर विल्यम गल यांनी प्रौढ बायकांना होणाऱ्या या आजाराचे वर्णन लिहून ठेवले होते. उपाय मात्र ठाऊक नव्हता. १८९१ साली न्यूकॅसलच्या जॉर्ज मरे या तरुण डॉक्टरने मेंढीच्या थायरॉइडचा अर्क काढला आणि सुजलेल्या, गारठलेल्या, मंद झालेल्या एका बाईला टोचला. बाईचे वय शेहेचाळीस, म्हणजे नेमके माझे. काही महिन्यांत ती हिंडू-फिरू आणि बोलू लागली, आणि पुढे अठ्ठावीस वर्षे जगली. अर्थात त्यासाठी शेकडो मेंढ्या कामी आल्या. १९१४ च्या नाताळच्या दिवशी अमेरिकेत एडवर्ड केंडॉल यांनी या ग्रंथीतले द्रव्य, थायरॉक्सिन, स्फटिकरूपात वेगळे केले; १९२७ साली इंग्लंडात चार्ल्स हॅरिंग्टन यांनी ते प्रयोगशाळेत तयार केले. आज तेच द्रव्य टाचणीच्या डोक्याएवढ्या मात्रेतही नव्हे, ग्रॅमच्या लाखाव्या भागाच्या हिशेबाने, एका इवल्या गोळीतून मिळते. माझी गोळी ५० मायक्रोग्रॅमवर सुरू झाली, आता ८८ वर आहे.

गोळी घेणे सोपे आहे असे तुम्हाला वाटेल. मलाही वाटले. चौथ्या दिवशी मी डॉक्टरांना फोन केला की काही फरक नाही. ते म्हणाले, "या औषधाचा अर्धा अंश शरीरातून जायलाच आठवडा लागतो. ते साचून स्थिर व्हायला सहा आठवडे द्या, मग तपासू." सहा आठवड्यांनी तपासले, तर आकडा जेमतेम २४ वर आलेला. डॉक्टरांनी माझी सकाळ मिनिटामिनिटाने वदवून घेतली आणि गुन्हा उघड झाला. मी गोळी चहाच्या घोटाबरोबर घेत होते, आणि नाश्त्यानंतर लगेच लोह व कॅल्शियम. या तिन्ही गोष्टी गोळीला आतड्यातच अडवून धरतात. शिवाय केसांसाठी कन्येने आणून दिलेल्या बायोटिनच्या गोळ्या होत्या. त्यांनी औषध अडत नाही, पण तपासणीचे आकडे खोटे येऊ शकतात, म्हणून रक्त देण्याआधी दोन दिवस तरी त्या बंद ठेवाव्यात. तेव्हापासून आमचे वेळापत्रक ठरले: साडेपाचला गोळी, साध्या पाण्याबरोबर; साडेसहाला चहा; लोह-कॅल्शियम रात्री जेवणानंतर. साडेपाच ते साडेसहा हा तास मोठा कठीण असतो. पहिल्या आठवड्यात ह्यांनी माझ्यासाठी चहावाचून थांबून पाहिले. दुसऱ्या आठवड्यात ते गच्चीत जाऊन एकटे चहा पिऊ लागले. मी त्यांना दोष देत नाही.

बरे वाटणे एका दिवशी, दार उघडल्यासारखे, होत नाही. प्रथम पोट ठिकाणावर आले. मग एके दिवशी दुपारी मला घाम आला. मी पंखा लावला आणि सासूबाईंनी देवापुढे साखर ठेवली. आवाज तिसऱ्या महिन्यात बाईचा झाला. केस आधी आणखी गळले, मग थांबले. वजनाबाबत मात्र सांगून ठेवते: अकरा किलो वाढले होते, त्यातले तीन गेले. उरलेले आठ थायरॉइडचे नसून माझे स्वतःचे होते. थकव्याचेही तसेच. टीएसएच ३ वर आली तरी दुपारी डोळे मिटत होते. पुन्हा रक्त तपासले तेव्हा बी-बारा जीवनसत्त्व कमी निघाले. एक आजार सापडला की घरातली सगळी दुखणी त्याच्या माथी मारण्याची सोय होते. गोळी वाढवून मागण्याचा मोहही होतो. ती गरजेपेक्षा जास्त झाली तर छातीत धडधड, हात कापणे, हृदयाचा ताल बिघडणे, हाडे ठिसूळ होणे, असा खर्च असतो. आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकूंनी नेमके उलटे केले: रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून गोळी बंद केली. "बरी झाले की!" त्या म्हणाल्या. रिपोर्ट गोळीमुळे नॉर्मल होता. चार महिन्यांत त्यांची शाल पुन्हा बाहेर निघाली. मी ती जिन्यात पाहिली आणि त्यांना हाताला धरून डॉक्टरांकडे नेले.

जूनमध्ये कॉलेज उघडले. अलंकार पुन्हा आले. फळ्याकडे पाठ करून मी म्हणाले, "याला आपण उत्प्रेक्षा म्हणतो," आणि पहिल्या बाकाकडे पाहिले. ती मुलगी आता तिसऱ्या वर्षाला गेली होती. तिथे कोणी दुसरीच बसली होती आणि तिला यात विशेष काही दिसले नाही.

आता यंदाची अडचण. नरकचतुर्दशीला सूर्योदयापूर्वी अभ्यंगस्नान आणि लगेच फराळ, ही आमच्या घरची रीत. करंजी आणि गोळी यांच्यामध्ये तर तास हवा. डॉक्टरांना विचारले. ते म्हणाले, "उठल्याबरोबर गोळी घ्या, उटणी लावून सगळ्यांच्या अंघोळी होईपर्यंत तास सरेल." घरात माणसे चार आणि न्हाणीघर एक असल्यामुळे तासाची मला चिंता नाही. भाजणी कालच दळून आली. सासूबाईंनी स्वयंपाकघरातले स्टूल तेवढे उचलून आपल्या खोलीत नेऊन ठेवले आहे.